किक का घसरते?

मोटारसायकलची किक मारावी आणि अंधारात जिन्याची एक पायरी चुकल्यासारखा पाय सरळ खाली जावा, असा अनुभव जुनी गाडी वापरणाऱ्या पुष्कळांना येतो. इंजिन हलत नाही. गिअरबॉक्सच्या पोटातून फक्त 'कट्' असा आवाज येतो. शरीराचा सारा भार ज्या पायावर दिलेला असतो त्याला खाली काहीच विरोध मिळत नाही, गुडघ्याला हिसका बसतो, कधी नडगी पायदानावर आपटते. गाडी ढकलून चालू करता येते, पण दुखावलेला गुडघा महिनोन्‌महिने त्रास देतो.

यावर सांगितला जाणारा उपाय बहुधा ठरलेला असतो: "आतली स्प्रिंग गेली असेल, बदलून टाका." स्प्रिंग दहा-वीस रुपयांची असते, म्हणून ती बदलली जाते. आठ दिवस बरे जातात आणि किक पुन्हा घसरू लागते. असे का होते, हे समजून घ्यायला नववी-दहावीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र पुरेसे आहे. तरफ, घर्षण, दाब आणि पोलादाचे कठीणपण एवढ्या चार गोष्टी लागतील. उदाहरणासाठी आपण चार गिअरची जुनी ३५० सीसी बुलेट घेऊ, जिचा गिअर आणि किक दोन्ही उजव्या बाजूला असतात. मूळची इंग्लंडमधील रेडिचची ही गाडी १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिच्या किकची रचना साधी आहे आणि समजायला सोपी आहे.

एकाच दिशेला लागणारे कुलूप

किकला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. पाय खाली जाताना तिने इंजिनाला घट्ट धरले पाहिजे. इंजिन सुरू होताच मात्र तिने ते लगेच सोडले पाहिजे, नाहीतर फिरणारे इंजिन किकचा दांडा आणि त्यावरचा पाय दोन्ही फिरवू लागेल. एका दिशेला पकडायचे आणि दुसऱ्या दिशेला सोडायचे, हे काम करणाऱ्या यंत्रणेला रॅचेट म्हणतात.

रॅचेट आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. सायकलचे पायडल उलटे फिरवले की मागच्या चाकातून 'टिकटिक' ऐकू येते. तो फ्रीव्हीलमधील रॅचेटचा आवाज. त्यात करवतीसारखे तिरपे दाते असलेली एक कडी असते आणि त्या दात्यांत अडकणारे छोटे खटके असतात. काही सायकलवाले या खटक्याला चक्क 'कुत्रा' म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते, कारण तो चावा घेऊन धरतो. प्रत्येक दात्याची एक बाजू उभी असते आणि दुसरी उताराची. उभ्या बाजूवर खटका अडतो. उताराच्या बाजूने तो वर ढकलला जातो आणि पुढच्या खाचेत 'टिक्' करून पडतो.

बुलेटच्या किकमध्येही हेच आहे. किकच्या शाफ्टच्या आतल्या टोकाला एका खिळीवर हलणारा एक खटका बसवलेला असतो. त्याच्याखाली छोटी दट्टी आणि स्प्रिंग असते, ती त्याला बाहेर ढकलते. बाहेर आलेला खटका पहिल्या गिअरच्या चक्राच्या आतील बाजूस कापलेल्या दात्यांत अडकतो. किक वर, म्हणजे जागेवर असते तेव्हा हा खटका आत दाबून धरलेला असतो, म्हणून गाडी चालताना तो दात्यांवर घासत नाही. किक थोडी खाली गेली की तो मोकळा होऊन दात्यात पडतो.

पायाचा जोर कुठवर जातो?

पायाने दिलेला जोर पुढील वाटेने जातो: किकचा दांडा, किक-शाफ्ट, खटका, गिअरचे चक्र, गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट, क्लच, प्रायमरी चेन, क्रँकशाफ्ट आणि शेवटी पिस्टन. ही वाट लक्षात ठेवा. बिघाड शोधताना ती उपयोगी पडेल.

पिस्टनला विरोध कशाचा असतो? सिलिंडरचा व्यास ७० मिमी आणि पिस्टनची चाल ९० मिमी. व्यासावरून क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे ३८.५ चौ. सेंमी येते. त्याला ९ सेंमीने गुणले की ३४६ घन सेंमी मिळतात. '३५० सीसी' म्हणतात ते हेच. आत कोंडलेली हवा दाबून सुमारे सातव्या हिश्श्यात बसवली जाते असे हिशेबापुरते धरू. बॉइलच्या नियमाने तिचा दाब सातपट होईल. बाहेरच्या हवेचा एकपट दाब वजा केला तर सहा वातावरणांएवढा जादा दाब उरतो. एक वातावरण म्हणजे दर चौ. सेंमीवर साधारण १० न्यूटन. म्हणून पिस्टनवर ६ × १० × ३८.५, म्हणजे २३०० न्यूटनच्या आसपास बल पडते. २३० किलोचे पोते पिस्टनवर ठेवल्यासारखेच हे झाले. (प्रत्यक्षात दाबताना हवा तापते म्हणून दाब थोडा वाढतो आणि रिंगांजवळून हवा गळते म्हणून थोडा घटतो.)

आता दुसऱ्या टोकाकडून पाहू. किकचा दांडा समजा २० सेंमी लांब आहे आणि त्यावर आपण ५०० न्यूटन, म्हणजे ५० किलो वजनाएवढा जोर दिला. खटका ज्या ठिकाणी दात्याला टेकतो ते ठिकाण शाफ्टच्या मध्यापासून समजा २ सेंमीवर आहे. तरफेच्या नियमाने खटक्यावर दहापट बल येईल. ते होते ५००० न्यूटन, जवळजवळ अर्ध्या टनाचे वजन. हाताच्या बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी तुकड्यावर प्रत्येक किकला एवढा भार पडतो. शिवाय पाय झटक्याने मारला जातो, त्यामुळे क्षणभर तो याहूनही जास्त असू शकतो.

खटक्याला कोण धरून ठेवते?

आता मुख्य प्रश्न. खटका दात्यात पडला. त्यावर ५००० न्यूटनचा जोर आला. तो तिथून सटकत का नाही?

"स्प्रिंग त्याला दाबून धरते म्हणून," असे उत्तर पटकन सुचते. पण ती स्प्रिंग हातात घेऊन पाहिली तर चिमटीत सहज दाबली जाते. तिचा जोर काही न्यूटनच असतो. काही न्यूटनने ५००० न्यूटनला आवरणे शक्य नाही. स्प्रिंगचे काम खटक्याला दात्यात नेऊन ठेवण्याचे आहे. तिथे धरून ठेवण्याचे काम दात्याच्या आकाराचे आहे.

हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. पोलादी फूटपट्टीवर एक नाणे ठेवा आणि पट्टीचे एक टोक हळूहळू उचला. एका ठराविक कोनापर्यंत नाणे जागेवर राहते, त्यापुढे घसरते. या कोनाला घर्षणाचा कोन म्हणतात. पट्टीच्या उचललेल्या टोकाची उंची भागिले पायाची लांबी केली की घर्षणाचा गुणांक मिळतो. आता नाण्यावर दुसरे नाणे चिकटवून पुन्हा करा. कोन जवळजवळ तोच येईल. भार दुप्पट झाला तरी कोन बदलला नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांकडून वदवून घ्या. पुढे ती कामास येणार आहे. मग पट्टीला तेलाचा अगदी पुसट हात लावून कोन किती होतो ते पाहा.

तेल असलेल्या पोलादावर पोलाद सरकताना हा गुणांक सर्वसाधारणपणे ०.१ च्या जवळपास धरतात. त्यावरून घर्षणाचा कोन निघतो ५.७ अंश, म्हणजे जेमतेम सहा अंश. गिअरबॉक्समध्ये सगळेच तेलात बुडालेले असते, त्यामुळे आपल्याला हाच आकडा लागू.

दात्याची धरणारी बाजू अगदी उभी असेल तर खटका बाहेर ढकलला जाण्याचे कारणच नाही. ती तीन-चार अंश कलली तरी घर्षण त्याला आवरते. पण झिजून ती सहा अंशांहून जास्त कलली की घर्षण अपुरे पडते आणि खटका उतारावरच्या नाण्यासारखा सरकू पाहतो. त्याला बाहेर ढकलणारे बल किती? भारामध्ये (झिजेचा कोन वजा घर्षणाचा कोन) याच्या टॅन्जंटने गुणले की ते मिळते. खटका ज्या खिळीवर हलतो तिच्या जागेचाही यात थोडा वाटा असतो, पण मूळ हिशेब हाच. भार ५००० न्यूटन धरला तर

• कोन ५ अंश: बाहेर ढकलणारे बल शून्य, खटका पक्का.
• कोन १० अंश: सुमारे ३७५ न्यूटन.
• कोन २० अंश: सुमारे १२७५ न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलोच्या वजनाएवढे.

यापुढे काही न्यूटनची स्प्रिंग काय करणार? नवी स्प्रिंग जुनीच्या दुप्पट कडक घातली, तरी फरक नगण्य. आठ दिवस बरे वाटते याचे कारण बहुधा एवढेच की, उघडझाप करताना आतली घाण निघते आणि खटका थोडा खोल बसतो.

आणखी एक कोडे यातून सुटते. मेकॅनिक किक हाताने दाबून पाहतो तेव्हा ती व्यवस्थित धरते, आणि मालकाने पाय मारला की सुटते. मग मालकाच्या किक मारण्यालाच दोष दिला जातो. प्रत्यक्षात हलक्या भाराला बाहेर ढकलणारे बलही हलके असते आणि तेवढे स्प्रिंग सांभाळून नेते. भार वाढला की ढकलणारे बल त्याच प्रमाणात वाढते, स्प्रिंग मात्र आहे तेवढीच राहते. दोन नाण्यांच्या प्रयोगाने हेच दाखवले होते. घसरण कोनावर अवलंबून आहे, म्हणून जास्त जोराने किक मारणे हा घसरणाऱ्या किकवरचा उपाय होऊच शकत नाही. त्याने फक्त गुडघ्याचा धोका वाढतो.

झीज झिजेला वाढवते

नवी गाडी वर्षानुवर्षे तक्रार करत नाही, आणि एकदा किक घसरू लागली की महिन्या-दोन महिन्यांत पार निकामी होते. असे का?

नव्या दात्यावर खटका समजा ३ मिमी खोल आणि १० मिमी रुंद टेकतो, म्हणजे ३० चौ. मिमी क्षेत्रावर. ५००० भागिले ३० केले तर दर चौ. मिमीवर सुमारे १६७ न्यूटन येतात. कडा गोल झाल्यावर प्रत्यक्ष टेकण्याची पट्टी अर्ध्या मिमीचीच उरली, तर क्षेत्र होते ५ चौ. मिमी आणि दाब होतो दर चौ. मिमीवर १००० न्यूटन, म्हणजे सहापट. साधे मऊ पोलाद दर चौ. मिमी सुमारे २५० न्यूटनच्या ताणाला कायमचे वाकू लागते. म्हणजे कड जितकी झिजते तितका उरलेल्या कडेवरचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की ती आणखी लवकर झिजते. शिवाय प्रत्येक वेळी सटकताना खटका पुढच्या दात्याच्या टोकावर आपटतो आणि तेही बोथट करतो.

या दाबाला तोंड देण्यासाठी खटका आणि दाते साध्या पोलादाचे नसतात. कमी कार्बनच्या पोलादाचा भाग ९०० अंश सेल्सियसच्या वर तापवून त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग तो एकदम थंड करतात. लोहार विळ्याला पाणी देतो त्याच जातीची ही क्रिया. त्यामुळे वरचा साधारण अर्धा ते एक मिमीचा थर काचेसारखा कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. कठीण थर झिजत नाही, चिवट गाभा तुटत नाही. पण हा थर एकदा झिजून गेला की खालचे मऊ पोलाद उघडे पडते, आणि मग झीज धावत सुटते.

आजार नेमका कुठे आहे?

किक मोकळी गेली की खटकाच झिजला असे समजून गिअरबॉक्स उघडणे योग्य नाही. वर सांगितलेली जोराची वाट आठवा. ती तीन ठिकाणी तुटू शकते.

पहिले ठिकाण दांडा आणि शाफ्ट यांचा जोड. बुलेटचा दांडा सायकलच्या क्रँकप्रमाणे कॉटरने शाफ्टवर आवळलेला असतो. कॉटर सैल झाला तर दांडा शाफ्टवर डुगडुगतो. दांडा हाताने हलवताना शाफ्टच्या टोकाकडे पाहावे. दांडा हलतो आणि शाफ्ट हलत नाही, असे दिसले तर दोष बाहेरच आहे. नवा कॉटर बसवला की काम झाले.

दुसरे ठिकाण क्लच. बुलेटमध्ये पायाचा जोर क्लचमधून जातो, त्यामुळे क्लच घसरला तरी किक मोकळी जाते. पण दोन्हींच्या घसरण्यात फरक आहे. खटका सुटतो तेव्हा 'कट्' आवाज होतो आणि पाय एकदम पडतो. क्लच घसरतो तेव्हा आवाज न होता पाय लोण्यातून गेल्यासारखा खाली जातो. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच न दाबता ढकलावी. मागचे चाक फिरते आणि इंजिन फिरत नाही, असे झाले तर दोष क्लचचा. मग सर्वांत आधी क्लचच्या केबलला थोडा ढिलेपणा आहे ना ते पाहावे. केबल ताणलेली असेल तर प्लेटा पूर्ण आवळल्याच जात नाहीत. हे तपासायला एक पैसाही लागत नाही. इंजिन नीट फिरले तर क्लच ठीक आहे आणि संशय रॅचेटवर येतो.

तिसरे ठिकाण रॅचेट. इथेही एक फरक ध्यानात घ्यावा. किक खाली जाऊन परत वर येत नसेल तर तो परतीच्या स्प्रिंगचा दोष, खटक्याचा नव्हे. पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. किक पूर्ण वर आली नाही तर खटका आत दाबला जात नाही, आणि गाडी चालताना तो फिरत्या दात्यांवर टिकटिकत राहतो. दर किलोमीटरला हजारो टकरा होऊन त्याची कड भराभर जाते. परतीची स्प्रिंग वेळेवर बदलली तर खटका वाचतो.

दुरुस्तीचे तीन मार्ग

गिअरबॉक्स उघडण्याचे काम जाणकाराकडूनच किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे. इंजिन थंड असावे, पेट्रोलचा कॉक बंद आणि प्लगची वायर काढलेली असावी. परतीच्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा असते. ती सुटली तर डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून चष्मा घालावा. झाकणे काढताना प्रत्येक वॉशर कोणत्या क्रमाने निघाला ते कागदावर मांडून ठेवावे. जुने तेल गाळून त्यात चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटलेली बारीक चमक म्हणजे खटक्याचे आणि दात्यांचे झिजून गेलेले पोलाद. ते बेअरिंगमध्ये गेले तर पुढचा खर्च वाढतो, म्हणून आतील भाग रॉकेलने स्वच्छ धुवावेत. अर्थात विडी-काडी दूर ठेवूनच.

आता खटका हातात घेऊन त्याची कड उजेडात पाहावी. नवी कड सरळ, धारदार रेषेसारखी दिसते. झिजलेली कड गोल आणि चकचकीत दिसते. चक्रातील सर्व दाते फिरवून पाहावेत.

पहिला मार्ग कानशीने कड पुन्हा चौकोनी करण्याचा. तो स्वस्त आणि सर्वांत वाईट. कानस नीट चालली, याचाच अर्थ तिथला कठीण थर संपला आहे. पुरते कठीण पोलाद कानशीला दाद देत नाही, ती त्यावरून नुसती घसरते. घासलेली नवी कड मऊ असल्याने फार दिवस टिकत नाही. कानशीचा उपयोग इथे दुरुस्तीसाठी नाही, परीक्षेसाठी आहे. खटक्याच्या कोपऱ्यावर ती हलकेच फिरवली की थर उरला आहे का ते कळते.

दुसरा मार्ग वेल्डिंगने भर घालून आकार देण्याचा. यात आकार परत मिळतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते. भर घातलेल्या जागेच्या बाजूला निळा पट्टा दिसतो. पोलादावर तो निळा रंग ३०० अंशांच्या आसपास उमटतो, आणि हा कठीण थर मऊ पडायला तेवढे तापमान पुरते. भर घातल्यावर भाग पुन्हा योग्य रीतीने कठीण करून, मग आकाराला घासून घेतला तर तो टिकू शकतो. ज्या जुन्या गाड्यांचे भाग बाजारात मिळतच नाहीत त्यांच्यासाठी हा मार्ग आहे, पण पोलादाला पाणी देण्याची सोय असलेल्या कारखान्यातूनच.

तिसरा मार्ग भाग बदलण्याचा. इथे प्रश्न येतो: फक्त खटका बदलायचा की चक्रही? खटका एकच असतो आणि प्रत्येक किकचा भार त्याच्यावरच पडतो. दाते अनेक असतात, ते भार वाटून घेतात. समजा बारा दाते आहेत, तर हजार किकांमध्ये खटका हजार वेळा भार सोसतो आणि एकेक दाता सरासरी ऐंशी-पंच्याऐंशी वेळा. म्हणून वेळीच लक्ष दिले तर पुष्कळदा खटका, त्याची खिळी आणि स्प्रिंग एवढे बदलून भागते. महागडे चक्र वाचते. पण दाते गोल झाले असतील तर नव्या खटक्याची सरळ कड त्या गोलाईवर एका रेषेतच टेकते, दाब प्रचंड वाढतो आणि नवा खटकाही लवकरच जुन्यासारखा होतो. अशा वेळी दोन्ही बदलावेत. खर्च वाचवण्याची खरी वेळ पहिल्या 'कट्' आवाजाची असते, विसाव्या नव्हे.

जोडताना नवे पॅकिंग घालावे, वॉशर त्याच क्रमाने बसवावेत आणि झाकण लावण्याआधी किक-शाफ्ट हाताने फिरवून खटका खाचेत पूर्ण खोल पडतो याची खात्री करावी.

किक मारण्याची रीत

नवे भाग किती टिकतील हे बरेचसे आपल्या पायावर आहे. वरून एकदम लाथ मारली तर खटका खाचेत पूर्ण पडण्याआधीच त्यावर भार येतो आणि तो दात्याच्या टोकावरच टेकतो. थंडीत तेल घट्ट झाले की खटका बाहेर यायला आणखी वेळ घेतो. म्हणून किक आधी हलकेच दाबावी, 'धरली' असे पायाला जाणवू द्यावे, आणि मगच जोर द्यावा.

दुसरा धोका उलट्या झटक्याचा. रॅचेट इंजिनाला पुढे पळू देते, पण इंजिन उलटे फिरले तर खटका दात्यात अडकलेलाच असतो आणि तो सारा जोर किकवाटे पायावर येतो. ठिणगी फार लवकर पडत असेल आणि किक अर्धवट जोराने मारली असेल, तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होऊन तो मागे ढकलला जातो. यात पायही दुखावतो आणि खटक्याची कडही तुटते. ठिणगीची वेळ बरोबर असणे हे म्हणूनच किकच्या आरोग्याचाही भाग आहे.

जुन्या बुलेटवर यासाठी दोन सोयी होत्या. स्विच चालू करून किक हळू दाबत नेली की ॲमीटरचा काटा मध्यावर परततो आणि किक जड लागते. पिस्टन वरच्या टोकाजवळ आल्याची ती खूण. मग डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबून कोंडलेली हवा सोडायची, पिस्टन टोकाच्या किंचित पुढे न्यायचा, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एक लांब, पूर्ण किक मारायची. आता पिस्टनला पुढच्या दाबाआधी वेग घ्यायला जवळजवळ दोन फेरे मिळतात. जड चक्राने साठवलेली गतिज ऊर्जा त्याला दाबातून पार नेते, आणि खटक्यावर एकदम मोठा भार येत नाही.

सर्व गाड्यांच्या किकची रचना अशी नसते. अनेक जपानी आराखड्याच्या गाड्यांत किकचे चक्र मळसूत्री खाचांवरून सरकत जाऊन दुसऱ्या चक्राला भिडते. बटणाने सुरू होणाऱ्या कित्येक गाड्यांत दात्यांऐवजी रुळांचा एकदिशी क्लच असतो. त्यात रूळ पाचरीसारखे अडकून धरतात. पण त्या पाचरीचा कोनही घर्षणाच्या कोनाशीच बांधलेला असतो. पृष्ठभाग झिजून कोन वाढला की बटण दाबल्यावर मोटर नुसती घरघरते आणि इंजिन फिरत नाही. म्हणजे किक गेली आणि बटण आले, तरी हिशेब तोच राहिला.

वर्गासाठी

१. जाड पुठ्ठ्याची दोन दंतचक्रे कापा. एकाच्या दात्यांची धरणारी बाजू उभी ठेवा, दुसऱ्याची ४५ अंशांनी तिरपी. आइस्क्रीमच्या काडीचा खटका आणि रबरबँडची स्प्रिंग लावा. कोणते चक्र धरते? दुसऱ्या चक्राला दोन रबरबँड लावून काय फरक पडतो? उतार २० ऐवजी ४५ अंशांचा का घ्यावा लागला? (पुठ्ठ्याचे घर्षण तेलकट पोलादापेक्षा पुष्कळ जास्त असते.)

२. सायकलवाल्याकडून टाकून दिलेले फ्रीव्हील आणा. खोलून धुवा, दाते मोजा आणि खटक्याची कड भिंगातून पाहा. पायडल जास्तीत जास्त किती अंश मोकळे फिरू शकेल?

३. किकचा दांडा २० ऐवजी ३० सेंमी केला तर किक हलकी होईल. मग गाड्यांना लांब दांडे का देत नाहीत? उत्तर शोधताना फक्त पायाचा विचार करू नका, खटक्याचाही करा.